जिवती ते पहिला सोमवार: विदर्भातल्या गावात नव्याने आलेल्यांसाठी श्रावणाची तयारी

माझं माहेर साताऱ्याकडचं. २००५ साली लग्न होऊन मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आले आणि पहिल्याच वर्षी श्रावण पंधरा दिवस आधी धरला. शेजारचं घर मूळचं बालाघाटकडचं. तिथल्या काकू एका सकाळी तांब्या घेऊन महादेवाच्या देवळाकडे निघाल्या आणि जाताजाता म्हणाल्या, सावन लागला. मी घरात येऊन अंडी-मासे बंद केले, सोमवारही धरला. सासूबाईंच्या लक्षात यायला दोन दिवस गेले. "अवं बाई, तो त्यायचा सावन," त्या म्हणाल्या. "आपला लागाचाच हाये अजून. जिवती तं येऊ दे."

जिवती म्हणजे शुक्रवारच्या पूजेचं चित्र, एवढंच मला माहीत होतं. इथे तो एक अख्खा दिवस आहे, आषाढातल्या अमावस्येचा. कॅलेंडरात श्रावण दुसऱ्या दिवशी लागतो, पण गावात तो जिवतीलाच येतो आणि लोहाराच्या, ढिवराच्या म्हणजे मासे धरणाऱ्याच्या पायांनी आपल्या दारात येतो. बदली होऊन आलेले शिक्षक, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, बँकेतली मंडळी, लग्न होऊन आलेल्या मुली यांना हे कुणी आधीच सांगत नाही, कारण गावातल्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. म्हणून हे लिहिते आहे. मी सांगते आहे ते पूर्व विदर्भातलं, धानपट्ट्यातलं. वऱ्हाडात कापसाच्या गावात काही गोष्टी बदलतील. तिथे शेजारच्या आजीचा शब्द माझ्यापेक्षा वरचा माना.

आधी तारीख पक्की करा

माझा घोटाळा झाला त्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र इथे हीच पद्धत, तिला अमान्त म्हणतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, उत्तर प्रदेश, राजस्थान या भागांत महिना पौर्णिमेला संपतो, ती पौर्णिमान्त. त्यामुळे आषाढी पौर्णिमा झाली की त्यांचा सावन दुसऱ्या दिवशी सुरू, आणि आपला मात्र पुढची अमावस्या सरल्यावर. मधला पंधरवडा त्यांच्या लेखी श्रावणाचा कृष्ण पक्ष, आपल्या लेखी आषाढ वद्य. आकाशातला चंद्र तोच, तिथी तीच, फक्त महिन्याचं नाव वेगळं. नागपूर, भंडारा, गोंदिया या सीमेकडच्या गावांत एकाच गल्लीत दोन्ही पद्धती नांदतात. एका घरात भिंतीवर कालनिर्णय, पलीकडच्या घरात जबलपूरचं लाला रामस्वरूप. आपण ज्या घरात आहोत तिथलं कॅलेंडर बघायचं, शेजाऱ्याचं नाही.

तारखांवर हे नीट दिसतं. २०२५ मध्ये सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. २०२६ मध्ये सावन ३० जुलैला आणि आपला श्रावण गुरुवारी, १३ ऑगस्टला. एका वर्षात तारीख एकोणीस दिवस पुढे का सरकली, असा प्रश्न पडेल. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, सौर वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत राहतात आणि सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून ती तूट भरली जाते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले.

कधीकधी श्रावणच अधिक येतो. २०२३ मध्ये आला होता, त्याआधी २००४ मध्ये. २०२३ ला १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण आणि १७ ऑगस्टपासून निज श्रावण. अशा वर्षी सोमवार, शुक्रवार, नागपंचमी हे सगळं निज महिन्यात करायचं. त्या वर्षी आमच्या बचत गटातल्या अर्ध्या बायका दोन महिने उपास करून थकल्या. त्यांना कुणी वेळेत सांगितलं असतं तर रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत तो त्रास वाचला असता.

आणखी एक. तिथी मध्यरात्री बदलत नाही, दिवसा-रात्री केव्हाही बदलते. एक तिथी कधी एकोणीस-वीस तासांची, कधी सव्वीस तासांची असते. महिना मोजायचा तो सूर्योदयाला जी तिथी असेल तिच्यावरून. १२ ऑगस्ट २०२६ च्या रात्री अकराच्या सुमारास अमावस्या संपते, तरी श्रावण धरायचा १३ तारखेच्या सकाळपासून. त्याच १२ तारखेला सूर्यग्रहण आहे म्हणून घाबरवणारे निरोप फोनवर येतील. ग्रहण आहे हे खरं, पण त्या वेळी आपल्याकडे रात्र असते, ते भारतात दिसणारच नाही. राखीच्या दिवशीचं, २८ ऑगस्टचं चंद्रग्रहणसुद्धा आपल्याकडे भर दिवसा येतं, तेही दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं सुतक आमच्याकडे कुणी पाळत नाही. पूजा बिनघोर करा.

आठ दिवस आधी काय करायचं

फार काही नाही. आषाढी पौर्णिमेला, म्हणजे आमच्या आखाडीला, गावात मातामायची पूजा होते. त्यानंतर हळूहळू आवराआवर सुरू होते. पावसाचे दिवस, त्यामुळे अंगण एकदम सारवून होत नाही. उघडीप मिळेल तेव्हा दारापुरतं तरी सारवून घ्यायचं. समई, निरांजन, लामणदिवा चिंचेने घासून ठेवायचा. अमावस्येला दिव्यांची पूजा असते आणि आदल्या रात्री घासायला बसलं की काजळी निघत नाही.

आठवडी बाजारातून जिवतीचा छापील कागद आणायचा. पाच-दहा रुपयांत मिळतो. घेताना चारही चित्रं नीट उमटलीत का बघा: वर नरसिंह, मग कालियावर उभा कृष्ण, मग मुलांना खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका, आणि खाली हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. फ्रेम केलेली जिवतीही मिळते, पण आमच्याकडे दरवर्षी नवा कागद लावतात. मलाही तेच बरं वाटतं.

मांसाहाराचं ज्यांचं त्यांनी ठरवावं. आमच्या घरी आदल्या दिवशी संपवून भांडी वेगळी काढतात. जिवतीच्या दिवशी चुलीवर पुरण असतं. मुंबई-पुण्याकडे या अमावस्येला जे नाव पडलंय ते इथे कुणाच्या दारात उच्चारू नका. ज्या दिवशी आई मुलांच्या आयुष्यासाठी दिवा लावते त्या दिवसाला ते नाव दिलेलं इथल्या बायांना लागतं, आणि आता मलाही लागतं.

जिवतीचा दिवस: घरी राहा

हीच सगळ्यात महत्त्वाची सूचना. निदान सकाळी दहा-अकरापर्यंत तरी घराला कुलूप लावू नका. नोकरी असेल तर घरातलं एक माणूस थांबवा, नाहीतर शेजारी सांगून ठेवा. पहिल्या वर्षी कुलूप दिसलं की लोक समजतात, यांना हे चालत नाही. मग पुढच्या वर्षीपासून कुणी येत नाही.

सकाळी लोहार येतो. हातात हातोडी, खिशात किंवा पिशवीत खिळे. दाराच्या लाकडी चौकटीला किंवा उंबऱ्याला एक खिळा ठोकतो आणि पुढच्या घरी जातो. घरात रोगराई, नजर, वाईट वारं शिरू नये म्हणून हा लोखंडाचा पहारा. आमच्या जुन्या घराच्या चौकटीवर असे खिळे एकाखाली एक दिसतात. सासऱ्यांच्या वडिलांच्या काळचे आहेत, काही तर लाकडात पार रुतून गेलेत. क्वार्टरमध्ये लोखंडी चौकट असली तर कुठे ठोकायचा हे त्यालाच ठरवू द्या. आमच्या शाळेच्या गुरुजींकडे तो दाराशेजारी जमिनीत ठोकतो. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी विचारून ठेवा, पण इथला घरमालक नाही म्हणणार नाही.

मग ढिवर येतो, खांद्यावर जाळं घेऊन. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः लेकरांना, दारात किंवा अंगणात एकत्र उभं करतो आणि वरून जाळं टाकून लगेच काढून घेतो. अर्ध्या मिनिटाचं काम. माझ्यावर पहिल्यांदा जाळं पडलं तेव्हा त्याला ओला, तळ्याचा वास होता आणि मी दचकून मागे सरले. सासूबाईंनी हात धरून पुन्हा उभं केलं. लहान मुलं घाबरली तर त्यांना कडेवर घ्या, पण बाजूला करू नका. अरिष्ट जाळ्यात अडकून जावं आणि लेकरू मोकळं राहावं अशी त्यामागची भावना आहे.

काही गावांत गायकी, म्हणजे गावची गुरं चारणारा, दारावर कडुनिंबाची डहाळी खोचून जातो. आमच्याकडे ही डहाळी घरचेच लावतात. जिवतीचा कागद पूर्वी वाढई, म्हणजे सुतार, घेऊन यायचा असं सासूबाई सांगतात. आता आपणच आणतो.

या सगळ्यांना काय द्यायचं, हा प्रश्न नव्या माणसाला अडवतो. सुपात धान किंवा तांदूळ, वर थोडी डाळ, मीठ, मिरची, हळद आणि जमेल तसे पैसे. नोकरदार घरं आता नुसते पैसे देतात. तेही चालतं, पण पाकीट काढून दारात शोधाशोध करू नका. सकाळीच सूप भरून दाराच्या आत ठेवा. आणि देताना दोन्ही हातांनी द्या. ही भीक नाही. वर्षभर विळे, फाळ, वसुले धारदार ठेवणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे. ढिवरांचं तर श्रावणात फार नुकसान होतं. धानपट्ट्यात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावोगावी आहेत आणि त्यांची मासेमारी हेच त्यांचं पोट. श्रावण लागला की मासे घेणारं गिऱ्हाईक महिनाभर आटतं. ज्या दिवशी त्यांचा धंदा बंद होतो त्याच दिवशी ते आपल्या लेकरांवर जाळं टाकायला येतात. मी सुपात मूठभर जास्त घालते ते यासाठी. तुम्हीही घाला.

फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

ही माणसं येऊन गेली की पूजा. देवघराच्या भिंतीवर किंवा दाराच्या वर जिवतीचा कागद लावतात. भिंत ओली असते, साधा गोंद टिकत नाही, कणकेची खळ करून लावा. तिन्हीसांजेला पाटावर घासलेले दिवे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, कणकेत गूळ घालून वाफवलेल्या दिव्यांचा नैवेद्य दाखवायचा. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत. रोवणी कितीही खोळंबलेली असो, अमावस्येला नांगर बांधीत उतरत नाही. मजूर मिळाले नाहीत म्हणून रागावू नका.

पहिला शुक्रवार

श्रावण कोणत्या वारी लागतो त्यावर पहिला शुक्रवार अवलंबून. २०२५ मध्ये महिनाच शुक्रवारी लागला, २०२६ मध्ये दुसऱ्याच दिवशी, १४ ऑगस्टला, शुक्रवार आहे. म्हणजे सामान गुरुवारच्या आत घरात हवं. हळद-कुंकू, गंध, अक्षता, दुर्वा, आघाडा, फुलं, कापसाची वस्त्रमाळ, फुटाणे, गूळ किंवा साखर, दूध, पुरणाची डाळ. आघाडा विकत घ्यावा लागत नाही, गावात कुठल्याही कुंपणाशी उगवलेला असतो. कपड्याला चिकटणाऱ्या काटेरी तुऱ्याची ती वनस्पती. ओळखता येत नसेल तर शाळेतली कुठलीही मुलगी दाखवेल.

जिवतीला दुर्वा-आघाड्याची माळ आणि वस्त्रमाळ घालायची. पुरणाचे पाच दिवे करून तूप-वात लावायची आणि त्यांनी आधी जिवतीला, मग मुलांना पाटावर बसवून ओवाळायचं. फुटाणे आणि दूध सवाशणींना द्यायचं. हे चारही शुक्रवार. पाचवा आला तर पाचवाही. दर शुक्रवारी पुरण जमत नसेल तर एका शुक्रवारी करा, बाकीचे दिवस साखर-फुटाण्यावर भागतं. रोवणीला जाणाऱ्या बाया असंच करतात आणि त्यात काही कमी पडत नाही.

मुलं बाहेरगावी शिकायला असतील तर आई चारही दिशांना अक्षता टाकते. माझा मुलगा नागपूरला गेला त्या वर्षी उत्तर-पश्चिमेला टाकताना मला कळलं, माझ्या आईने साताऱ्यात बसून इतकी वर्षं कुठल्या दिशेला अक्षता टाकल्या असतील. त्या शुक्रवारपासून मी पूजा झाल्यावर आधी तिला फोन करते.

पहिला सोमवार

बेल रविवारीच तोडून ठेवा. सोमवारी आणि अमावस्येला बेल तोडत नाहीत. फांदी ओरबाडू नका, तीन पानांचं न फाटलेलं दल खुडायचं. बेलाला काटे असतात आणि पावसात झाडावर मुंग्याही. लांब बाह्यांचं घाला. पिंडीवर वाहताना पान पालथं, गुळगुळीत बाजू खाली.

लग्नानंतर पहिली पाच वर्षं शिवामूठ वाहतात. क्रम असा: पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव, पाचवा सोमवार आला तर सातू. २०२४ मध्ये श्रावण सोमवारीच लागला, त्यामुळे पाच सोमवार आले. २०२६ मध्ये चारच: १७, २४, ३१ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर. तांदळाची चिंता इथे कुणाला नाही, पण जव गावच्या किराणा दुकानात ऐनवेळी मिळत नाहीत. पवनी, भंडाऱ्याला जाणं होईल तेव्हाच आणून ठेवा. मूठ वाहताना जे म्हणायचं असतं ते सासूकडून किंवा शेजारच्या मोठ्या बाईकडून तोंडी घ्या. प्रत्येक घरात दोन शब्द वेगळे असतात आणि घरचेच म्हणावेत.

देवळात सकाळी गर्दी होते. आमच्या भागातले लोक आंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाला जातात, काही गडचिरोलीकडे मार्कंड्याला. अकोल्यात शेवटच्या सोमवारी मोठी कावड निघते, गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर वाहून राजराजेश्वराला घालतात. आणि पंचमीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत विदर्भातली कितीतरी माणसं पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जातात. तुमच्या ऑफिसातला माणूस त्या दिवसांत सुट्टी मागेल, तर तो डोंगर चढायला चाललाय हे समजून घ्या.

नदीबद्दल मात्र कडक सांगते. श्रावणात वैनगंगा भरून वाहते. गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत, वर पाऊस झाला की ते उघडतात आणि खालच्या घाटांवर पाणी बघताबघता चढतं. सोमवारचं स्नान घरी करा. तांब्याभर पाणी घ्यायलाही पूर असताना घाटाच्या शेवटच्या पायऱ्यांवर उतरू नका. वर ऊन आहे म्हणून पाणी शांत असेल असं इथे धरून चालत नाही.

उपास संध्याकाळी सोडतात. सूर्य मावळायच्या आत पान वाढलं जातं, शक्यतो पळसाच्या पत्रावळीवर. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायाही सोमवार धरतात. तुमच्या शेतात त्या आल्या असतील तर त्या दिवशी चहासोबत नेहमीचं देऊ नका, शेंगदाणे-गूळ किंवा केळी द्या, आणि लवकर सोडा.

उपासाचं आणि रोजचं खाणं

ज्याला तुम्ही साबुदाण्याची खिचडी म्हणता त्याला इथे उसळ म्हणतात. कुणी उसळ खायला बोलावलं तर गोंधळू नका.

भगरीबद्दल सांभाळा. पावसाळी हवेत भगरीला बुरशी धरते आणि दरवर्षी कुठून ना कुठून विषबाधेच्या बातम्या येतात. सुटी भगर घेऊ नका. बंद पाकिटातली, तारीख बघून घ्या, निवडून, धुऊन शिजवा. भगरीचं पीठ दळून डब्यात भरून ठेवायची सवय मोडा, लागेल तेवढंच त्या दिवशी दळा. आमच्या ओळखीच्या एका घरातली तीन माणसं अशा साठवलेल्या पिठाच्या भाकरी खाऊन रात्रभर सलाईनवर होती.

बाकीच्या दिवसांत मात्र श्रावणासारखं खाणं नाही. तरोट्याची कोवळी भाजी, धोप्याच्या पानांच्या वड्या (वऱ्हाडात त्याला चमकोरा म्हणतील, साताऱ्याला अळू), अंबाडी, जंगलाकडच्या गावांत बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, आणि नशीब असेल तर रानातल्या सात्या, म्हणजे अळंबी. तरोटा खुडायचा तो कोवळा, वीतभर वाढायच्या आत. जून झाला की कडू लागतो. पण धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, खुडताना शेतमालकाला विचारा. हल्ली धुऱ्यांवर तणनाशक मारतात आणि फवारल्यावर दोन-तीन दिवस पानं हिरवीच दिसतात. सात्या ओळखणारं माणूस सोबत नसेल तर हातही लावू नका.

कांदा-लसूण सोडायचा का? आमच्या गावात थोडी घरं सोडतात, बहुतेक नाही. कुणी तुम्हाला त्यावरून जोखणार नाही.

नागपंचमी

२०२६ मध्ये पंचमी पहिल्याच सोमवारी, १७ ऑगस्टला आहे. म्हणजे उपास आणि पंचमी एकत्र. त्या दिवशी चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, जमीन खणत नाहीत. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवा किंवा वाफवलेलं करा. भिंतीवर नाग काढून किंवा वारुळाशी जाऊन लाह्या-दूध वाहतात.

कुणी टोपलीत नाग घेऊन दारात आला तर त्याला दूध पाजायला देऊ नका आणि पैसेही देऊ नका. साप दूध पचवू शकत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून खेळवणं गुन्हा आहे. ज्याची पूजा करायची त्याचे दात काढून त्याला टोपलीत कोंडणं मला बघवत नाही.

आणि पूजेइतकीच ही तयारी ठेवा. धानात, गवतात, सरपणाच्या ढिगात या महिन्यात नाग, मण्यार, घोणस निघतात. मण्यार रात्री घरात शिरते, खाली झोपलेल्या माणसाला चावते आणि चावल्याचं कळतही नाही. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाय ठेवू नका. चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, झाडफुंक करणाऱ्याकडे नेण्यात वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता १०८ ला फोन करून सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरचं औषध तिथे असतं. तुमच्या गावापासून ते किती किलोमीटर आहे आणि पूर आला तर कुठला रस्ता चालू राहतो, हे श्रावण लागायच्या आधीच माहीत करून घ्या.

गावातल्या सगळ्यांचा श्रावण एक नसतो

आमच्या गावात बौद्ध वस्ती मोठी आहे, विदर्भात बहुतेक गावांत असते. त्यांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेला सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. त्याच वेळी देवळात पोथी लागलेली असते. दोन्हीकडे भोंगे असले तर आवाजावरून कुरबूर होऊ शकते. आमच्याकडे सात वाजता विहार आणि आठ वाजता देऊळ असं मोठ्या माणसांनी ठरवून टाकलंय. तुम्ही शिक्षक किंवा ग्रामसेवक असाल तर तुम्हाला दोन्हीकडून बोलावणं येईल. दोन्हीकडे जा, आणि एकीकडे नारळ नेला तर दुसरीकडे मेणबत्ती-अगरबत्ती न्यायला विसरू नका.

पुढचं थोडक्यात

राखीनंतर वद्य अष्टमीला घरोघरी कान्होबा बसतो, मातीची मूर्ती, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा, रात्रभर भजन. दुसऱ्या दिवशी तळ्यात विसर्जन. बोलावलं तर रात्री जेवून जा, कारण लवकर सुटका नाही.

आणि महिना संपतो तो पोळ्याला, श्रावणी अमावस्येला. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्यांच्या कानाशी सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोरण फुटलं, झडत्या म्हणजे पोळ्यात म्हणायची गाणी संपली की बैलजोड्या घरोघरी येतात. तुमच्याकडे शेत नसलं तरी येतील. दारात पाण्याचा तांब्या, कुंकू, बैलांच्या तोंडी द्यायला पुरणपोळी किंवा भात, आणि बैल धरून आणणाऱ्याला द्यायचा बोजारा तयार ठेवा. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा चार दिवस आधी बँकेतून आणा, त्या संध्याकाळी गावात एकाकडेही सुटे निघत नाहीत.